23,216 मतं आणि बरोबरी: व्हर्जिनियाच्या 94व्या मतदारसंघाची गोष्ट

4 जानेवारी 2018. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, राज्य निवडणूक मंडळाची बैठक भरली होती. कला संग्रहालयातून मागवलेलं एक मातीचं भांडं समोर ठेवलेलं, त्यात कॅमेऱ्याच्या रिळाच्या दोन डब्या आणि प्रत्येक डबीत एका उमेदवाराच्या नावाची चिठ्ठी. मंडळाचे अध्यक्ष जेम्स ऑलकॉर्न यांनी एक डबी उचलली. नाव निघालं रिपब्लिकन पक्षाच्या डेव्हिड यान्सी यांचं. त्या एका चिठ्ठीने शंभर सदस्यांच्या सभागृहात रिपब्लिकनांचं 51 विरुद्ध 49 असं बहुमत टिकलं. दुसरी डबी हाती आली असती तर सभागृह 50-50 असं दुभंगलं असतं.

हा मतदारसंघ म्हणजे तेव्हा जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या न्यूपोर्ट न्यूज शहराचा एक भाग. इथून ‘हाऊस ऑफ डेलिगेट्स’ या कनिष्ठ सभागृहावर दर दोन वर्षांनी, विषम वर्षी, एक सदस्य निवडला जातो. यान्सी 2011 पासून निवडून येत होते. नोव्हेंबर 2017 मध्ये त्यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स होत्या. पहिल्या मोजणीत यान्सी 10 मतांनी पुढे राहिले. 19 डिसेंबरच्या फेरमोजणीत चित्र उलटलं: सायमंड्स 11,608, यान्सी 11,607. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांच्या पीठाने वादातली एक मतपत्रिका यान्सींच्या खात्यात टाकली आणि दोघांचीही मतं 11,608 झाली. अशा वेळी चिठ्ठी टाकून निर्णय करावा, असं व्हर्जिनियाचा कायदाच सांगतो.

त्या एका मतपत्रिकेकडे जरा थांबून पाहू. मतदाराने यान्सी आणि सायमंड्स या दोघांच्याही नावापुढचे गोल रंगवले होते, शिवाय सायमंड्स यांच्या गोलावर एक तिरकी रेघ ओढली होती. यंत्राच्या लेखी दोन गोल रंगवलेलं मत बाद. माणसाच्या नजरेला मात्र ती रेघ खोडल्याची खूण वाटू शकते. फेरमोजणी करणाऱ्यांनी ते मत आधी बाजूला ठेवलं होतं. नंतर त्यांच्यातल्याच एकाने न्यायालयाला पत्र लिहून शंका कळवली. न्यायाधीशांनी उरलेली मतपत्रिका वाचून मतदाराच्या मनात काय असावं, याचा अंदाज बांधला. म्हणजे अख्ख्या राज्याच्या सत्तेचा तोल पेनाच्या एका रेघेच्या अर्थावर येऊन ठेपला होता.

असं होणं किती दुर्मीळ? समजा 23,216 मतदारांपैकी प्रत्येकाने नाणं उडवून मत दिलं. नेमकी बरोबरी होण्याची शक्यता लाखात एक असावी, असं बहुतेकांना वाटेल. गणित वेगळं सांगतं. मतसंख्येला 1.57 ने गुणून वर्गमूळ काढा, उत्तर येतं 191. म्हणजे 191 मध्ये एक! (एकूण मतं सम असायला हवीत, एवढीच अट.) हा आकडा मला अजूनही थक्क करतो.

पण मतदारांचा कल किंचित जरी एका बाजूला असला तरी ही शक्यता कोसळते. कल 51-49 असेल तर ती सुमारे 20,000 त एक होते. 52-48 असेल तर दोन हजार कोटींतही एक नाही. कल नेमका किती हे आपल्याला आधी ठाऊक नसतं. तो 45 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो असं धरलं, तर बरोबरीची शक्यता साधारण 2,300 मध्ये एक येते. हे गणित ढोबळ आहे, कारण खरे मतदार एकमेकांपासून इतके स्वतंत्र नसतात. घरं, वस्त्या, मंडळी मिळून झुकतात. तरी अमेरिकेतल्या 50 राज्यांच्या विधिमंडळांत 2017 मध्ये मिळून 7,383 जागा होत्या हे लक्षात घेतलं, तर अधूनमधून कुठेतरी बरोबरी होणारच. खुद्द व्हर्जिनियात 1971 सालीही या सभागृहाच्या एका जागेचा निकाल चिठ्ठीवर गेला होता.

माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न मात्र मोजमापातल्या चुकीचा आहे. प्रयोगशाळेत कोणतंही मोजमाप सांगताना त्यासोबत त्रुटीची मर्यादा सांगतात. निवडणुकीच्या निकालाला अशी मर्यादा जोडत नाहीत, पण ती असते. 94व्या मतदारसंघात पहिल्या मोजणीपासून फेरमोजणीपर्यंत फरक 11 मतांनी सरकला, म्हणजे एकूण मतांच्या 0.05 टक्क्यांहूनही कमी. मोजणी म्हणून ही अचूकता उत्तमच म्हणायला हवी. फक्त दोन उमेदवारांतलं अंतर त्या त्रुटीपेक्षाही लहान होतं.

आणि ही झाली फक्त मोजणीतली त्रुटी. 2018 च्या मे महिन्यात उघड झालं की या मतदारसंघातल्या 26 मतदारांची नोंद चुकून शेजारच्या मतदारसंघात झाली होती आणि त्यांनी तिथल्या मतपत्रिकेवर मतं दिली होती. ती वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची, डेमोक्रॅटिक पक्षाकडे कल असलेली. कितीही काळजीपूर्वक फेरमोजणी केली तरी ही चूक सापडली नसती, कारण ती मतं पेटीत होती, फक्त दुसऱ्या लढतीत मोजली गेली होती. मला ही गोष्ट चिठ्ठीपेक्षा जास्त अस्वस्थ करते. चिठ्ठी सगळ्यांसमोर निघाली. सीमेवरच्या घरांची नोंद कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हती.

सीमेचा विषय निघालाच आहे, तर तिथेच खरं इंगित आहे. 2017 मध्ये राज्यभर डेमोक्रॅटिक उमेदवारांना मिळून सुमारे 53 टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या 49. काही जागांवर दोनपैकी एकाच पक्षाचा उमेदवार होता, त्यामुळे या टक्केवारीतून थेट निष्कर्ष काढू नये. पण मतदारसंघांच्या 2011 च्या नकाशाविरुद्ध खटला चालूच होता. 12 मतदारसंघांत कृष्णवर्णीय मतदारांचं प्रमाण किमान 55 टक्के राहील अशा बेताने रेषा ओढल्याचा आक्षेप होता. एकाच गटाचे मतदार थोड्या मतदारसंघांत कोंबले की आजूबाजूच्या जागांवर त्यांचं वजन घटतं. जून 2018 मध्ये संघीय न्यायालयाने त्यांतले 11 मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले. त्यांत 95वा होता, हॅम्प्टन शहरातून निघून न्यूपोर्ट न्यूजमध्ये शिरलेला, म्हणजे 94व्याचा सख्खा शेजारी. एक रेषा हलवली की तिच्या दोन्ही बाजूंचे मतदारसंघ बदलतात, म्हणून नव्या नकाशात 94वाही बदलला.

2019 मध्ये यान्सी आणि सायमंड्स पुन्हा समोरासमोर आले आणि सायमंड्स मोठ्या फरकाने जिंकल्या. दोन वर्षांपूर्वी बरोबरीत असलेले उमेदवार, शहर तेच, निकाल इतका वेगळा. मतदारांचं मन बदललं की मतदारच बदलले? हे तपासायची पद्धत सोपी आहे, पण किचकट: 2017 ची मतदान केंद्रनिहाय मतं घ्यायची, ती 2019 च्या सीमांमध्ये नव्याने बसवायची आणि मग बेरीज करायची. त्या बेरजेतून जो फरक दिसतो तो रेषेचा, उरलेला मतदारांचा. केंद्र मध्येच दुभंगलं असेल तर तिथे अंदाजच करावा लागतो.

ही खबरदारी न घेता मतदारसंघाचा निवडणूक इतिहास वाचला तर फसगत ठरलेली. डिसेंबर 2021 मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा नवा नकाशा मंजूर केला. त्यानुसार सायमंड्स यांचा मतदारसंघ झाला 70वा आणि 94 हा क्रमांक गेला खाडीपलीकडच्या नॉरफोक शहराला. निवडणूक निकालांच्या कोष्टकात मात्र 2017, 2019 आणि 2023 चे आकडे ‘94’ या एकाच क्रमांकाखाली येतात. 2017 मध्ये बरोबरीत संपलेल्या त्या 23,216 मतांशी 2023 च्या ओळीचा काहीही संबंध नाही.