मुंबई विमानतळावर उतरल्यावर दादरला कसे याल? आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

दादर पश्चिमेला आमचे छोटे लॉज आहे. खोली बुक झाली की पाहुण्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "विमानतळावरून यायला किती लागतील?" आम्ही फोनवर सगळे सांगतो, पण लांबचा प्रवास करून उतरल्यावर बाहेरच्या गलक्यात त्यातले निम्मे आठवत नाही. म्हणून हे लिहून काढले. प्रिंट काढून तिकिटाबरोबर ठेवा, नाहीतर फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.

आमच्याकडे येणाऱ्यांत परळला टाटा किंवा केईएम हॉस्पिटलमध्ये दाखवायला आलेले बरेच असतात. कुणी मंत्रालयातल्या कामाला येतात, कुणी मुलाखतीला, कुणी लग्नाच्या खरेदीला. प्रत्येकाचा खिसा वेगळा. पण आमचा अनुभव असा, की मुंबईत कसे यायचे ते आधी पैशांवरून ठरवू नये. विमान किती वाजता उतरणार, हातात सामान किती आणि बरोबर कोण आहे, या तीन गोष्टी आधी बघा. पैशांचे उत्तर त्यातूनच निघते, आणि बहुतेक वेळा ते वाटते त्यापेक्षा स्वस्त निघते.

आधी तिकीट नीट बघा

मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने ये-जा करू लागली. तो पनवेलजवळ उलव्याला आहे. घाईत "मुंबई" एवढेच वाचून तिकीट काढले जाते, म्हणून तीन अक्षरांचा कोड बघा. 'बीओएम' असेल तर जुना विमानतळ, 'एनएमआय' असेल तर नवी मुंबई. नवी मुंबईहून टॅक्सीने अटल सेतूवरून येता येते, पण कारचा एका फेरीचा टोलच २५० रुपये आहे. तिकडे उतरणार असाल तर आम्हाला आधी फोन करा, वेळ बघून मार्ग सांगू. या पत्रकात पुढे लिहिले आहे ते जुन्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाबद्दल.

त्यातही दोन टर्मिनल आहेत. टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहारला. रस्त्याने दोन्हींत चार-पाच किलोमीटरचे अंतर आहे. घ्यायला नातेवाईक येणार असतील तर टर्मिनलचा आकडा त्यांना आवर्जून कळवा. एकजण इकडे आणि दुसरा तिकडे, असे तासभर ताटकळलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

मेट्रो: आमचा पहिला सल्ला

दोन-तीन वर्षांपूर्वी हे पत्रक लिहिले असते तर टॅक्सीपासून सुरुवात केली असती. आता नाही. आरे ते कफ परेड ही 'मेट्रो ३' नावाची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि विमानतळावरून दक्षिणेकडे येणाऱ्यांचे दिवस पालटले. साडेतेहतीस किलोमीटरच्या या मार्गावर दोन्ही टर्मिनलसाठी वेगवेगळी स्टेशने आहेत. तिकीट १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत. ७० हे या टोकापासून त्या टोकापर्यंतचे, त्यामुळे विमानतळावरून त्याहून जास्त पडतच नाही. गाडी वातानुकूलित आहे, आणि वर रस्त्यावर कितीही गाड्या अडकलेल्या असोत, खाली काही फरक पडत नाही.

बाहेर आल्यावर मेट्रोच्या पाट्या बघत चला. टर्मिनल २ वरून थोडे चालावे लागते, त्याची तयारी ठेवा. खिडकीवर रोख पैसे देऊन "दादर" सांगा. क्यूआर कोड छापलेले कागदी तिकीट मिळेल. ते चुरगाळू नका आणि टाकूनही देऊ नका, बाहेर पडताना दारावर पुन्हा दाखवावे लागते. सामान तपासणीच्या यंत्रातून जाते. गाडी "कफ परेड" लिहिलेली पकडा. "आरे" लिहिलेली उलट दिशेला जाते. सांताक्रूझ, वांद्रे कॉलनी, बीकेसी, धारावी, शीतलादेवी मंदिर आणि मग दादर. गाडीत बसल्यापासून अर्ध्या तासाच्या आत दादर येते.

इथे एक खुलासा हवा, कारण पाहुणे हमखास चुकतात. मेट्रोचे दादर स्टेशन आणि लोकलचे दादर स्टेशन एकमेकांना लागून नाहीत. मेट्रोचे स्टेशन पश्चिमेला गोखले रोडच्या भागात आहे आणि ते आम्हाला जवळ पडते. बाहेर आल्यावर कुणी "स्टेशन कुठे?" विचारले की लोक रेल्वे स्टेशन दाखवतात आणि तुम्ही बाजाराच्या गर्दीत शिरता. तसे करू नका. दारापाशीच थांबा आणि आम्हाला फोन करा, सामान जास्त असेल तर आमचा मुलगा घ्यायला येतो. भुयारात मोबाइलला रेंज मिळेलच याचा भरवसा नाही, म्हणून आमचा पत्ता आणि नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

आमच्याकडे न येता थेट कामाला जायचे असेल तरी हीच मेट्रो उपयोगी पडते. मंत्रालयासाठी विधान भवन स्टेशन, हायकोर्टासाठी हुतात्मा चौक, लग्नाच्या खरेदीसाठी काळबादेवी, सिद्धिविनायकाला त्याच नावाचे स्टेशन. पुढची गावाकडची गाडी पकडायची असेल तर सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. ठाणे-कल्याणकडे जायचे असेल तर टर्मिनल २ वरून आरेच्या दिशेने एकच स्टेशन मरोळ नाका, तिथे मेट्रो १ मध्ये बदला आणि घाटकोपरला लोकल धरा. टाटा हॉस्पिटलच्या दारात मात्र ही मेट्रो जात नाही. दादरला उतरून टॅक्सी करावी, मीटरने साठ-सत्तर रुपये होतात.

बरोबर रुग्ण असेल तर लिफ्ट कुठल्या बाजूला आहे ते तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. प्रत्येक दारापाशी लिफ्ट असतेच असे नाही आणि उगाच जिने चढायला लागू नयेत.

मेट्रो पहाटे सहाच्या सुमारास सुरू होते, शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाच्या आसपास सुटतात. विमान रात्री साडेनऊनंतर उतरणार असेल तर मेट्रोच्या भरवशावर राहू नका. पट्ट्यावरून बॅगा यायलाच अर्धा-पाऊण तास जातो.

लोकल: दहा रुपयांत, पण वेळ बघून

सगळ्यात स्वस्त अजूनही लोकलच. विलेपार्ल्याहून थेट चर्चगेटपर्यंतचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट १० रुपये आहे. टर्मिनल १ वरून पार्ले स्टेशनपर्यंत रिक्षा करा. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला सतराच्या आसपास पडतात, म्हणजे पार्ले स्टेशन चाळीसच्या आत-बाहेर येते. एकटा विद्यार्थी, पाठीला एक सॅक, दुपारची वेळ, असे असेल तर पन्नास रुपयांत दादर. आम्ही स्वतः असेच प्रवास करतो.

पार्ल्याला धीम्या गाड्या थांबतात. जलद गाडी हवी असेल तर अंधेरीला जावे लागते, पण दादरपर्यंत त्याची काही गरज नाही, सहा स्टेशनांचा तर प्रश्न आहे. महत्त्वाचे दुसरेच. पार्ले आणि अंधेरीहून हार्बर या दुसऱ्या मार्गाच्या लोकलही सुटतात, त्यावर सीएसएमटी लिहिलेले असते. त्या माहीमवरून वडाळ्याकडे वळतात आणि दादरला येतच नाहीत. इंडिकेटरवर चर्चगेट बघूनच चढा. चढताना दारातल्या माणसाला "दादरला थांबेल ना?" असे विचारायला लाजू नका. मुंबईकर घाईत असतो, पण याचे उत्तर नक्की देतो.

सकाळी आठ ते अकरा या वेळात बॅगा घेऊन लोकलमध्ये चढू नका. त्या वेळी सगळी मुंबई दक्षिणेकडे कामाला निघालेली असते. संध्याकाळी गर्दीचा लोंढा उलट दिशेला असतो, तेव्हा दादरकडे येणे त्यामानाने सोपे जाते. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा कमी, आहे का ते विचारा.

कॅन्सरच्या रुग्णांना, हॉस्पिटलची कागदपत्रे जवळ असतील तर, लोकलच्या दिव्यांगांसाठी राखीव डब्यात बसता येते. गरोदर बायकांनाही. ही सवलत पुष्कळांना ठाऊक नसते आणि ते साध्या डब्यात उभ्याने येतात, म्हणून मुद्दाम लिहितो आहोत. कुणी हटकले तर कागद दाखवा, भांडू नका.

टॅक्सी

वयस्कर माणूस, नुकताच ऑपरेशन झालेला रुग्ण, तीन-चार मोठ्या बॅगा किंवा लहान मूल बरोबर असेल तर सरळ टॅक्सी करा. चारजण असाल तर माणशी खर्च मेट्रोपेक्षा फार जास्त पडत नाही.

काळी-पिवळी टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे दर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. टर्मिनल १ पासून दादर साधारण अकरा-बारा किलोमीटर, म्हणजे मीटरने अडीचशेच्या आसपास. टर्मिनल २ वरून तीनशे-साडेतीनशे धरा. वाहतुकीत गाडी थांबून राहिली तर थोडे वाढतात. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळात भाडे सव्वापट होते, ते नियमातलेच आहे. सामानाचे वेगळे पैसेही नियमात आहेत, पण ते किरकोळ असतात. गाडी हलण्याआधी मीटर टाकलेला बघा, सुरुवातीला ३१ चा आकडा दिसला पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात नागपूरहून एक काका-काकू आले होते. हातात रिपोर्टांची जाड फाइल, काकूंना चालवत नव्हते. आगमनाच्या दारातच एकाने त्यांची बॅग हातात घेतली, "या काका, फिक्स रेट आहे" म्हणाला आणि दादरला सोडायचे पंधराशे रुपये घेतले. काकांनी ते आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितले, तेही हिशोब लिहिताना. पुढचे पंधरा दिवस त्यांना इथेच काढायचे होते, आणि त्यात ते हजार-बाराशे रुपये म्हणजे कितीतरी वेळची जेवणे होती. आम्हाला ते फार लागले. हे पत्रक लिहायचे त्या दिवशी ठरले.

म्हणून विनंती आहे, जो आपणहून जवळ येऊन टॅक्सी विचारतो त्याच्याबरोबर जाऊ नका. बॅग कुणाच्या हातात देऊ नका. प्रीपेड काउंटरवर जा. तिथले भाडे मीटरपेक्षा थोडे जास्त असते, पण पावती मिळते आणि घासाघीस होत नाही. "दादर पश्चिम" असे स्पष्ट सांगा, नुसते "दादर" म्हटले तर पूर्वेला नेऊन सोडतात. पावती ड्रायव्हरच्या हातात आमच्या दारात पोचल्यावरच द्या. वाटेत अडचण आली तर ११२ लावा आणि नंतर आम्हाला.

ॲपवरून गाडी मागवली तर भाडे आधीच दिसते, पण पाऊस आणि गर्दीच्या वेळी ते एकदम चढते. टर्मिनल २ वर या गाड्या आगमनाच्या दारापाशी येत नाहीत, बहुमजली पार्किंगमध्ये ठरलेल्या जागी यावे लागते. ड्रायव्हरशी बोलून मजला नक्की करा.

रिक्षाने दादरला येता येत नाही. माहीम आणि सायनच्या पुढे रिक्षाला परवानगीच नाही. कुणी "दादरला सोडतो" म्हणाला तर तो अलीकडेच उतरवणार आणि तुम्हाला सामानासकट दुसरी गाडी शोधावी लागणार.

दादर-परळला येताना सागरी सेतूवरून यायचे कारण नाही. फोर्ट किंवा कुलाब्याला जाणार असाल तर मात्र वेळ वाचतो. वांद्रे-वरळी सेतूचा टोल कारला १०० रुपये, तो तुम्हाला द्यावा लागतो. पुढच्या किनारी रस्त्याला टोल नाही.

पाऊस आणि गर्दीचे दिवस

जून ते सप्टेंबरमध्ये जोराचा पाऊस असेल तर अंधेरी आणि मिलन सबवे, किंग्ज सर्कल, हिंदमाता इथे पाणी भरते. त्या दिवशी टॅक्सीला दोन तासही लागतात. विमानतळावरच चहा घ्या, पाऊस ओसरू द्या, मग आम्हाला फोन करून निघा. आम्ही खिडकीतून बघून रस्त्याची स्थिती सांगतो. गणपतीत परळ-लालबागचे रस्ते तुडुंब असतात, आणि ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला लाखो लोक येतात, तेव्हा शिवाजी पार्क भागात गाड्यांना बंदी असते. या दिवसांत मेट्रो आणि पाय, दुसरे काही नाही.

रात्री उशिरा पोचलात तर

मध्यरात्रीनंतर प्रीपेड टॅक्सीनेच या, एकट्या बाईने तर नक्कीच. गाडीत बसल्यावर गाडीचा नंबर आम्हाला पाठवा, तुम्ही दारात येईपर्यंत आम्ही जागे राहतो. खालचे शटर अर्धे ओढलेले दिसले तरी बंद समजू नका. उजव्या हाताला बेल आहे. खोली तयार असते, गरम पाणी असते, आणि पथ्याचे जेवण हवे असेल तर संध्याकाळी सातच्या आत कळवा, झाकून ठेवतो.