वाडग्यात डुक्कर आलं कुठून? हलाल रामेनची पार्श्वभूमी

तोक्योच्या असाकुसा भागात, सेन्सोजी मंदिरापासून पायी जाण्याच्या अंतरावर, नारितया नावाचं रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या जपानी शेवयांचं, छोटंसं दुकान आहे. दुकान हलाल आहे. मलेशिया-इंडोनेशियाहून आलेल्या प्रवाशांच्या यादीत त्याचं नाव हमखास सापडतं. साहजिकच आहे, जपानला जाऊन रामेन न खाता परतणं म्हणजे कोल्हापूरला जाऊन तांबडा-पांढरा न चाखता येणं. गंमत अशी, की रामेनचं पहिलं नावाजलेलं दुकान, राइराइकेन, 1910 साली उघडलं तेही असाकुसातच. ओझाकी कानइची हा त्याचा मालक, पूर्वी योकोहामाच्या जकात खात्यात नोकरीला होता. स्वयंपाकी त्याने योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणले. या दोन दुकानांच्या मध्ये शंभर वर्षांचा जो वळसा पडला, तो डुकराने घातलेला आहे.

खरं तर जपानी पानात डुक्कर तसं उपरंच. सम्राट तेन्मूने 675 साली गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी केली. त्या यादीत डुक्कर नव्हतं, पण बौद्ध वळणामुळे पुढची कित्येक शतकं मांसाहाराकडे एकूणच नाक मुरडलं जाई. 1872 मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि मग हा संकोच सुटत गेला. दरम्यान 1859 मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं होतं. तिथे दक्षिण चीनमधले लोक आले, त्यांच्यासोबत गव्हाच्या शेवया आणि डुकराच्या हाडांचा रस्सा आला. राइराइकेनच्या वाडग्यात हाच रस्सा होता, जोडीला कोंबडी आणि जपानी शोयु, म्हणजे सोया सॉस. तेव्हा त्याला ‘शिना सोबा’, चिनी शेवया, असंच म्हणत.

आता ‘रामेन’ या शब्दाकडे बघा. तो चिनी ‘लामियान’वरून, म्हणजे ताणून केलेल्या शेवयांवरून आला असं साधारणपणे मानलं जातं. आणि चीनमध्ये ताणलेल्या शेवया म्हटलं की पहिलं नाव येतं लान्झोउचं. हे वायव्य चीनमधलं शहर, आणि तिथला हा पदार्थ हुई मुसलमानांचा. मा बाओझी या हुई माणसाने 1915 मध्ये त्याला आजचं रूप दिलं असं सांगतात. बैलाच्या मांसाचा नितळ रस्सा, डुकराचा वासही नाही. म्हणजे ज्या शब्दापुढे मुसलमान प्रवासी थबकतो, त्याचा एक सख्खा भाऊ मूळचाच हलाल. जपानमध्ये मात्र या पदार्थाची दक्षिणेकडची शाखा पोचली. बोटी तिकडून येत होत्या, एवढंच कारण.

डुकराने वाडग्याचा ताबा खऱ्या अर्थाने घेतला तो क्युशू बेटावर. कुरुमे गावात 1937 साली नान्किन सेन्र्यो नावाची गाडी लागली, तिथे निव्वळ डुकराच्या हाडांवर रस्सा होऊ लागला. याला तोन्कोत्सु म्हणतात. आज दिसतो तसा पांढरा, दाट तोन्कोत्सु 1947 मध्ये त्याच गावात अपघाताने झाला अशी कथा आहे: भांडं चुलीवर राहून गेलं, रस्सा नको तितका उकळला आणि चव लागली. यात जादू काही नाही. मोहम्मद अली रोडवर पाया खाल्लेल्या कुणालाही हे कळेल. हाडं तासन्‌तास खदखदवली की त्यातला चिकटा आणि चरबी पाण्यात मिसळून रस्सा दुधाळ होतो. युद्धानंतर अमेरिकेचा गहू आला, चीन-मांचुरियातून परतलेल्या माणसांना रोजगार हवा होता, हाडं स्वस्त होती. रस्त्यावर गाड्या वाढत गेल्या. पोटाला आधार देणारं, चरबीदार, गरम असं हे खाणं, आणि त्यातली चरबी बहुतेक वेळा डुकराची.

पण नेमक्या याच काळात उलट दिशेनेही एक घटना घडली. 1958 मध्ये आंदो मोमोफुकूने जगातलं पहिलं इन्स्टंट रामेन विकायला काढलं, ते चिकनचं. पुढे आंदो सांगत असे, की हिंदू गाय खात नाहीत, मुसलमान डुक्कर खात नाहीत, पण कोंबडीला मनाई करणारा देश वा धर्म पृथ्वीवर नाही. (आपल्याकडचा श्रावण त्याच्या कानावर गेला नसावा. जैन तर नाहीतच.) धंद्याचा हिशेब म्हणून बघितलं तर माणूस बरोबर होता. हलाल रामेनचं आजचं उत्तर जवळजवळ तेच आहे.

मग ते उत्तर दुकानांत पोचायला इतकी वर्षं का लागली? जपानमध्ये मुसलमान नव्हते असं नाही. कोबेची मशीद 1935 मध्ये उभी राहिली. भारतीय व्यापारी आणि रशियातून आलेले तातार मुसलमान यांनी पैसा घातला होता. 1945 च्या बॉम्बहल्ल्यातून आणि 1995 च्या भूकंपातूनही ती वाचली. तोक्योची मशीद 1938 मध्ये उघडली. पण ही माणसं मूठभर आणि घरी जेवणारी. ऐंशीच्या दशकात पाकिस्तान, बांगलादेश आणि इराणमधून कामगार मोठ्या संख्येने आले, कारण व्हिसाची सवलत होती. पहिल्या दोघांची ती 1989 च्या जानेवारीत थांबली, इराणची 1992 मध्ये. मागे राहिली ती हलाल वाणसामानाची दुकानं. तोक्योच्या शिन-ओकुबोतली एक गल्ली तर त्यासाठीच ओळखली जाते. मसूर, मसाले, फ्रीझरमध्ये ब्राझीलची हलाल कोंबडी. रामेनवाल्याला मात्र या गिऱ्हाइकाची गरज पडली नव्हती.

दुसरं कारण वाडग्यातच आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वरचे चाशूचे काप, म्हणजे डुकराच्या मांसाच्या चकत्या, काढून टाकल्या की झालं, असं नवख्याला वाटतं. ते काप हा सगळ्यात सोपा भाग. रामेन हाताळणारा माणूस आधी वाडग्याच्या तळाशी चमचाभर ‘तारे’ घालतो. हा शोयु, मीठ किंवा मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा) खारट अर्क. त्यात बहुधा मिरिन, म्हणजे तांदळाची गोड दारू, असतं, आणि खऱ्या मिरिनमध्ये 14 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. कधी साके, म्हणजे तांदळाचीच साधी दारू. शोयु आंबवताना थोडं अल्कोहोल आपोआप तयार होतं, शिवाय टिकण्यासाठी वरून घालतात ते वेगळं. आपोआप झालेलं चालतं की नाही यावर आलिमांमध्ये, म्हणजे मुसलमान धर्मपंडितांमध्ये, मतभेद आहेत. वरून घातलेल्याबद्दल शंका जास्त. मग वरून सोडलेलं सुवासिक तेल, ते पुष्कळदा डुकराच्या चरबीचं. शेवया तेवढ्या निर्धोक: गहू, पाणी, मीठ आणि कान्सुई, म्हणजे आपल्या पापडखारासारखं खारं पाणी. पिवळेपणा आणि चिवटपणा त्याचाच. पण त्या उकळायच्या डुकराच्या वाडग्यांसाठी वापरतात त्याच हंड्यात, त्याच झाऱ्याने.

न दिसणाऱ्या घटकाचा धडा जपानी कंपन्यांना रामेनच्या आधीच मिळाला होता. 2000 च्या शेवटी इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने आजिनोमोतो कंपनीच्या मोनोसोडियम ग्लुटामेटवर, म्हणजे चव वाढवणाऱ्या पावडरीवर, हरकत घेतली. तयार पावडरीत डुक्कर नव्हतं. पण ती बनवणारे जिवाणू ज्या खाद्यावर जगवले जात, ते खाद्य तयार करताना डुकरापासून काढलेलं विकर (एन्झाइम) वापरलं गेलं होतं. माल बाजारातून परत मागवला गेला, कंपनीच्या लोकांना अटक झाली. 2001 च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष वाहिद यांनी माल हलालच असल्याचं जाहीरपणे सांगितलं, तरी वाद लगेच शमला नाही. ‘आमच्यात डुक्कर नाही’ एवढं म्हणून भागत नाही, हे तेव्हा उघड झालं.

मग 2013 आलं. जुलैत मलेशिया आणि थायलंडच्या पर्यटकांना व्हिसा माफ झाला, सप्टेंबरात तोक्योला 2020 चं ऑलिंपिक मिळालं, आणि त्याच वर्षी परदेशी पाहुण्यांचा आकडा पहिल्यांदा 1 कोटीवर गेला. 2014 च्या अखेरीस इंडोनेशियालाही सवलत मिळाली. गिऱ्हाईक दारात उभं राहिल्यावर दुकानदार शिकतो, तसे जपानी दुकानदार शिकले. अडचण प्रमाणपत्रांची होती. जपान सरकारचं स्वतःचं हलाल प्रमाणपत्र नाही. देणाऱ्या संस्था अनेक, आणि प्रत्येकीचे निकष थोडे वेगळे. त्यातून दारांवर पाट्यांची एक उतरंडच तयार झाली: कुठे ‘हलाल प्रमाणित’, कुठे ‘मुस्लिम फ्रेंडली’, कुठे नुसतं ‘नो पोर्क’. इचिरान ही तोन्कोत्सुची बडी साखळी. तिने 2019 मध्ये तोक्योतल्या निशी-शिंजुकूत डुक्कर अजिबात न वापरणारं दुकान काढलं, पण त्याला हलाल म्हटलं नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. मधल्या पायरीवर उभं राहायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण पायरी कोणती ते कळायला हवं.

रश्श्याचा प्रश्न कोंबडीने सोडवला. ‘तोरी पाइतान’ म्हणजे कोंबडीची हाडं तोन्कोत्सुसारखीच खदखदवून केलेला पांढरा रस्सा. क्योतोतल्या एका हलाल दुकानाने नावच ‘आयाम-या’ ठेवलं. आयाम म्हणजे मलय भाषेत कोंबडी. तोक्योतल्या शिंजुकू-ग्योएन बागेजवळचं ओउका हे दुकान ताइ माशाच्या रश्श्यावर रामेन करतं. सुकट-बोंबलावर वाढलेल्या कोकणी माणसाला तर माशाच्या रश्श्यात शेवया पटकन पटाव्यात. शाकाहारी मराठी प्रवाशाने मात्र हलालच्या पाटीवर विसंबू नये. नितळ दिसणाऱ्या रश्श्यातही सुकवलेला मासा असू शकतो. त्याची वाट वेगळी, तोक्यो स्टेशनातल्या टीज तानतानसारख्या व्हीगन दुकानांकडे जाणारी.

आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये लान्झोउचं जुनं हलाल घराणं, माझिलू, तोक्योत जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात येऊन बसलं. लान्झोउचे लोक चांगला वाडगा रंगांवरून ओळखतात: रस्सा नितळ, मुळा पांढरा, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर हिरवी, शेवया पिवळ्या. दुकान उघडलं तसं बाहेर रांग लागली. रांगेत जपानीही होते.