इंजिन ऑइलची पातळी (मोटारगाडी)

इंजिनच्या खाली जो चेंबर असतो त्यात वंगणाचं तेल किती आहे हे डिपस्टिकने, म्हणजे तेलात बुडणाऱ्या खुणांच्या पट्टीने, बघणं आणि ते किमान-कमाल या दोन खुणांच्या मध्ये ठेवणं. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण 1 लिटरचा फरक असतो, छोट्या इंजिनांत त्याहून कमी.

अगदी सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत तेल थेंबथेंब आत पडायचं आणि जळून नाहीतर गळून संपायचं, त्यामुळे पातळी राखायचा प्रश्नच फारसा नव्हता. पंपाने दाब देऊन बेअरिंगपर्यंत तेल पोचवायची पद्धत मोटारीत आणण्याचं श्रेय बरेचदा इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरला देतात, पण बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉर्कम कंपनीतल्या अल्बर्ट पेनने 1890 च्या सुमारास वाफेच्या इंजिनासाठी याच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं, तेव्हा मूळ तिकडे धरणं जास्त पटतं. आणि दाबाची पद्धत आली म्हणून जुनी लगेच गेली असंही नाही. 1908 ते 1927 बनलेल्या फोर्ड मॉडेल टी मध्ये ऑइल पंप नव्हता, फिरते भाग तेल उडवायचे आणि तेच सगळीकडे पोचायचं. तिला डिपस्टिकही नव्हती, खालच्या बाजूला दोन छोटे नळ होते, एक वर एक खाली, गाडीखाली वाकून ते उघडायचे, वरच्यातून तेल आलं तर भरपूर आहे आणि खालच्यातूनही आलं नाही तर गाडी चालवायचीच नाही. शेवरलेच्या सहा सिलिंडरवाल्या इंजिनांत तर तेल उडवायची पद्धत थोड्याफार प्रमाणात 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली.

तेल कमी असलं तर काय होतं हे बहुतेकांना माहीत असतं, पण ते कधी होतं हे लक्षात घ्यायला हवं. सपाट रस्त्यावर पातळी किमान खुणेच्या थोडी खाली गेली तरी पंपाची जाळी तेलात बुडालेली असू शकते, मात्र घाटात खडी चढण लागली किंवा वळणावर जोरात ब्रेक दाबला की तेल एका बाजूला जातं, जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि क्रँकची (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंगं काही क्षण कोरडी राहतात, असं वारंवार झालं की शेवटी इंजिन धरतं, म्हणजे जाम होतं. डॅशबोर्डवरचा लाल ऑइल दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो, म्हणजे तो चालत्या गाडीत लागला तेव्हा उशीर झालेला असतो, गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करायची, पुढच्या गॅरेजपर्यंत रेटायची नाही.

जास्त भरणंही तितकंच वाईट. पातळी फारच वर गेली तर क्रँक तेलात आपटतो, ताक घुसळल्यासारखा फेस होतो आणि फेसाळ तेलाने दाब टिकत नाही, शिवाय सील गळायला लागतात, तेल इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेत, ओढलं जाऊन सायलेन्सरमधून निळा धूर येतो. म्हणून टॉप-अप करताना नरसाळ्याने थोडंथोडं घालायचं, थांबायचं, परत मोजायचं.

मोजायचं कधी, यावर दोन मतं आहेत. बऱ्याच मॅन्युअलमध्ये इंजिन गरम करा, सपाट जागी बंद करा, काही मिनिटं थांबून बघा असं असतं, तर बरेच मेकॅनिक सकाळी थंड इंजिनवर बघायला सांगतात कारण रात्रभरात सगळं तेल खाली उतरलेलं असतं. तेल गरम झालं की दर अंशाला साधारण 0.07 टक्के फुगतं, म्हणजे 4 लिटर तेल 70 अंशांनी तापलं तर जवळपास 0.2 लिटर जास्त दिसतं, आणि म्हणूनच गरम इंजिनवर कमालला लागलेलं तेल सकाळी थोडं खाली दिसलं तर घाबरून भर घालायची नाही. मॅन्युअल सांगेल तेच प्रमाण मानावं, पण दर वेळी एकाच पद्धतीने मोजणं जास्त महत्त्वाचं. एअर-कूल्ड पोर्श 911 हा अपवाद, तिच्यात तेल वेगळ्या टाकीत असतं आणि पातळी गरम इंजिन चालू ठेवूनच बघतात.

पट्टी पहिल्यांदा बाहेर काढली की नळीला लागलेलं तेलही तिच्यावर येतं, ते वाचन खोटं. फडक्याने पुसायची, शेवटपर्यंत दाबून घालायची, परत काढायची. दोन्ही बाजूंना वेगळी रेषा दिसली तर खालची खरी धरायची.

न घालता पातळी वाढली तर जास्त जपायला हवं. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस6 (धुराच्या प्रदूषणाचे भारतातले नियम) डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर साफ करताना बऱ्याचदा जादा डिझेल फवारलं जातं, गाडी नुसती गावात थोडंथोडं चालवली तर ती सफाई अर्धवट राहते आणि डिझेल तेलात उतरतं, पातळी वर जाते पण तेल पातळ होतं, काही कंपन्या यासाठी कमालच्या वर वेगळी खूण देतात. दुसरं कारण पाणी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या, अशी बुडालेली गाडी स्टार्ट करायच्या आधी पट्टी काढून बघायची, तेल दुधाळ चॉकलेटी दिसलं किंवा पातळी कमालच्या वर असली तर स्टार्टर मारायचा नाही, गाडी टो करून न्यायची.

गाडी तेल खाते किती, याची मर्यादा कंपनीगणिक बदलते, काही 1000 किमीला 0.5 लिटरपर्यंत चालतं म्हणतात. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच नव्या इंजिनांत पट्टीच नाही, सेन्सर स्क्रीनवर पातळी दाखवतो.