खड्डा नसणं वेगळं, हेल्मेट वेगळं

अमेरिकेतल्या कोवळ्या मुलांच्या दारू पिण्याबद्दल काही वाचायला घेतलं की दोन शब्द जोडीनं भेटतात: जोखीम घटक आणि संरक्षक घटक. दुसरा म्हणजे पहिल्याची उलटी बाजू, असं आपण धरून चालतो. दोस्त पितात ही जोखीम, तर न पिणारे दोस्त हे संरक्षण. कधीकधी हे जुळतंही. पण रस्त्यात खड्डा नसणं वेगळं आणि डोक्यावर हेल्मेट असणं वेगळं. हेल्मेटची किंमत खड्ड्यात आपटल्यावरच कळते. काटेकोर अर्थानं संरक्षक घटक तो, जो जोखीम समोर उभी असतानाही तिचा जोर कमी करतो.

तिथल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक मुळांच्या, घरांतली बारा-चौदा वर्षांची मुलं घ्या. जोखमीची यादी ओळखीचीच आहे: पिणारे मित्र, फ्रिजमध्ये सहज हाती लागणारी बिअर, शाळेत न रमणं. लहान वय हीसुद्धा जोखीमच. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या विश्लेषणात, पंधराच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेलेले आढळले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. (लवकर पिणं हेच कारण, असं मात्र यावरून सिद्ध होत नाही.)

खरी गंमत ‘फामिलिस्मो’ची. कुटुंब आधी, आपण नंतर, ही स्पॅनिश भाषक घरांतली जुनी शिकवण. मित्रानं बाटली पुढे केली तर ‘आईला काय वाटेल’ हा विचार हात मागे घ्यायला लावतो. हे झालं हेल्मेट. पण त्याच गोतावळ्यातला थोरला चुलतभाऊ पीत असेल, तर जवळीक हीच पिण्याची वाट होते. म्हणून ‘कुटुंब घट्ट’ एवढंच ऐकून मी तरी निश्चिंत होणार नाही.

‘अमेरिकीकरण’ या शब्दाचंही तसंच. मूल इंग्रजी बोलू लागलं म्हणजे बिघडलं, असं नव्हे. मायामीत १९७०च्या दशकापासून क्यूबन कुटुंबांसोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ होजे सापोच्निक यांनी बोट ठेवलं ते अंतरावर: मूल नव्या रीतीत भराभर पुढे जातं, आईबाप मागे राहतात आणि घरातला धाक नि संवाद दोन्ही सैल पडतात. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला पोरगं इंग्रजीत उत्तर देतं, हे न्यू जर्सीतल्या मराठी आयांनाही नवं नाही. म्हणूनच दोन्ही भाषांत, दोन्ही रीतींत सहज वावरणारं मूल बऱ्याचदा अधिक सावरलेलं दिसतं.

मायामीतच पुढे ‘फामिलियास उनिदास’ (एकजूट कुटुंबं) हा कार्यक्रम उभा राहिला. पोरांना वर्गात बसवून दारूचे दुष्परिणाम सांगण्यावर त्याचा भर नाही. तिथे गटागटानं आईबापांनाच बसवतात: मुलाचे मित्र कोण, शाळेत काय चाललंय, हे कसं विचारायचं ते शिकायला.