स्मार्टफोन सुरक्षा (ठाणे–नवी मुंबई परिसर)

स्मार्टफोनमधील माहिती, त्यावरून चालणारे आर्थिक व्यवहार आणि धारकाची ओळख यांचे हॅकिंग, व्हायरस व फिशिंग (बतावणी करून धारकाकडूनच माहिती काढून घेणे) यांपासून रक्षण करणाऱ्या उपायांना स्मार्टफोन सुरक्षा म्हणतात. बोलण्यात या तिन्ही शब्दांची सरमिसळ होते. ठाण्यात किंवा वाशीत ‘फोन हॅक झाला’ अशी तक्रार घेऊन कोणी पोलिसांकडे जातो, तेव्हा बहुतेक प्रसंगी फोन बाहेरून फोडलेला नसतो; धारकाकडूनच एखादी परवानगी किंवा ओटीपी काढून घेतलेला असतो. म्हणून या नोंदीत फिशिंगचा विचार आधी केला आहे.

‘फिशिंग’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. मासेमारीवाचक इंग्रजी शब्दाच्या (fishing) आरंभीच्या ‘f’ च्या जागी ‘ph’ घालून तो घडवला गेला हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. वाद आहे तो ही अक्षरे कोठून आली याचा. एका मतानुसार, दूरध्वनी यंत्रणेला चकवून फुकट बोलणाऱ्यांच्या ‘फ्रीकिंग’ (phreaking) या उद्योगाच्या नावातून ती उचलली गेली. दुसऱ्या मतानुसार, अमेरिका ऑनलाइन या सेवेच्या गप्पांच्या दालनांत चोरीच्या खात्यांचा व्यवहार करणारे लोक कोनी कंसांची माशासारखी दिसणारी खूण वापरत आणि शब्द त्या खुणेवरून आला. शब्द रूढ करणारी मंडळी फ्रीकिंगच्या परंपरेशी परिचित असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. लिखित वापर म्हणून सामान्यतः जानेवारी १९९६ मधील यूजनेट या इंटरनेटवरील चर्चामंचावरच्या एका चर्चेचा दाखला दिला जातो; परंतु ‘एओहेल’ हे खाती चोरण्याचे साधन त्याआधी, १९९४-९५ च्या सुमारास, पसरलेले असल्यामुळे शब्दाचा उगम १९९५ किंवा त्याच्या थोडा आधी धरणे सयुक्तिक ठरेल.

‘गळाला लागणे’ हा वाक्प्रचार मराठीत आधीपासून असल्याने ही कल्पना येथे सहज समजली. तथापि ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावात गळ आणि डोल ही दोन वेगळी साधने आहेत. गळ आमिष लावून टाकतात. डोल हे पिशवीसारखे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून बांधलेले असते आणि पाण्याबरोबर येईल ते त्यात शिरते. हजारो क्रमांकांवर एकच मजकूर धाडणे हा डोलीचा प्रकार होय. नाव, सोसायटी आणि बँक हेरून केलेला फोन हा खरा गळ. पहिल्यापासून वाचण्यास साधी सावधगिरी पुरते. दुसऱ्यात मात्र फोन ठेवून, संस्थेचा अधिकृत क्रमांक स्वतः शोधून उलट फोन करण्याखेरीज भरवशाचा मार्ग नाही.

डोलीचा या परिसरातील परिचित नमुना वीजबिलाचा आहे, कारण ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत वीज महावितरणची. ‘मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्याने आज रात्री साडेनऊ वाजता पुरवठा खंडित होईल’ असा संदेश एखाद्या दहा अंकी खासगी क्रमांकावरून येतो. वस्तुतः विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. एवढी एक गोष्ट ठाऊक असली तरी संदेशाचा खोटेपणा उघड होतो. घाबरलेला ग्राहक त्या क्रमांकावर फोन करतो आणि त्याला व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवणारी फाइल) पाठवली जाते. ती उघडताच अनोळखी स्रोतातून ॲप घेण्याची परवानगी मागितली जाते, मग एसएमएस वाचण्याची, शेवटी ॲक्सेसिबिलिटीची. ही शेवटची सोय मुळात दृष्टिहीन व अपंग वापरकर्त्यांसाठी आहे. ती हाती आली की ॲपला पडद्यावरचे वाचता येते आणि धारकाच्या वतीने बटणेही दाबता येतात. अशा ॲपचे चिन्ह पडद्यावरून पुष्कळदा नाहीसे होते आणि बँकेचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. लग्नपत्रिका आणि वाहतूक चलान यांच्या नावानेही हीच फाइल फिरवली जाते.

अशा ॲपला लोक व्हायरस म्हणत असले तरी शास्त्रीय दृष्ट्या तो व्हायरस नव्हे. फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनानुसार व्हायरस हा इतर प्रोग्रॅममध्ये स्वतःची प्रत घुसवणारा प्रोग्रॅम असतो. उपयुक्त असल्याचे सोंग घेऊन येणारा प्रोग्रॅम ट्रोजन ठरतो. २००४ मधील ‘कॅबिर’ हा मोबाइलवरील पहिला कीटक (वर्म, म्हणजे आपली प्रत दुसऱ्या फोनवर धाडणारा प्रोग्रॅम) मानला जातो. सिम्बियन प्रणालीच्या फोनांमध्ये तो ब्लूटूथने पसरे, आणि त्यालाही धारकाची संमती लागे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप स्वतंत्र कप्प्यात चालते व दुसऱ्याच्या माहितीला सहसा हात लावू शकत नाही. म्हणूनच चोराला परवानगी मागावी लागते. कोणतीही कृती न करता फोन ताब्यात घेणारी पेगॅसससारखी हेरगिरीची साधने अस्तित्वात आहेत. पण ती अत्यंत महागडी असून निवडक व्यक्तींविरुद्ध वापरली जातात.

प्रणालीचे अपडेट वेळेवर घेणे, ॲप अधिकृत दालनातूनच घेणे आणि दिलेल्या परवानग्या अधूनमधून तपासणे हे उपाय सर्वपरिचित आहेत. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे मात्र घरातील वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगायला हवे. स्थानकावरील चार्जिंगमधून माहिती चोरली जाते या भीतीला, म्हणजे २०११ पासून प्रचलित असलेल्या ‘ज्यूस जॅकिंग’ या कल्पनेला, प्रत्यक्ष घटनांचा आधार फारच थोडा आहे. नवे फोन माहिती देण्यापूर्वी विचारतात. आसपास सर्वांना रेंज असताना आपल्याच सिमचे नेटवर्क अचानक गेले, तर मात्र कोणीतरी आपल्या नावाने दुसरे सिम काढल्याची शक्यता तातडीने पडताळावी.

फसवणुकीची दुसरी बाजूही या परिसराने पाहिली आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी ठाणे जिल्ह्यातीलच मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकन नागरिकांना त्यांच्या कर खात्याच्या नावाने फोन जात. सायबर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या ‘महाराष्ट्र सायबर’ या राज्याच्या यंत्रणेचा सुरक्षा प्रकल्पही २०२४ मध्ये नवी मुंबईतील महापे येथे सुरू झाला.

पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर शक्य तितक्या लवकर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच ती गोठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, त्रयस्थाच्या घुसखोरीने झालेला व्यवहार ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास ग्राहकावर दायित्व येत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असल्यास कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच राहते, त्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाजेपोटी घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो. संशयित ॲप असलेला फोन आधी फ्लाइट मोडवर टाकून तक्रार दुसऱ्याच्या फोनवरून करावी, आणि पोलिसांसाठी संदेश व फाइलचे पुरावे जपून ठेवल्यानंतरच तो फॅक्टरी रीसेट करावा.