मोजायचं काय? डुकरांच्या वेताचा आनुवंशिक इतिहास

डुकरिणीला एका वेताला किती पिल्लं होतात, यावर सगळ्या धंद्याचा हिशेब अवलंबून असतो. तरीही पैदाशीच्या शास्त्राने या आकड्याला फार उशिरा हात घातला. डेन्मार्कमध्ये १९०७ सालीच संततीच्या कामगिरीवरून नरमादीची निवड करणारी चाचणी केंद्रं सुरू झाली होती, पण तिथे मोजायचे ती वाढ, खाद्याचा खर्च आणि मांसाची प्रत. वेताकडे दुर्लक्ष झालं याला कारणही होतं. पाठीवरची चरबी आईबापांकडून पिल्लांत बऱ्यापैकी उतरते; वेतातल्या पिल्लांची संख्या जेमतेम उतरते.

जेमतेम म्हणजे किती? या गुणाची आनुवंशिकता, म्हणजे जनावराजनावरांतल्या फरकातला जनुकांतून पुढे उतरणारा वाटा, साधारण १० टक्के धरली जाते. समजा, एका डुकरिणीने सरासरीपेक्षा चार पिल्लं जास्त दिली आणि तिला लावलेला नर सरासरीचा आहे. तिच्या मुलीकडून किती जादा पिल्लांची अपेक्षा धरायची? ०.२. चारचे १० टक्के ०.४, आणि मुलीला आईकडून त्याचा निम्माच वाटा मिळतो. बाकीचा फरक खाद्य, हवामान, वय, माजावर नर लावण्याची वेळ यांच्या खाती जातो. त्यात नराला स्वतःचं वेतच नसतं, त्याची पारख बहिणींवरून किंवा मुलींवरून करावी लागते. पैदास शास्त्रज्ञ जे लश आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४२ मध्ये अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा एका वेतावरून त्याच डुकरिणीच्या पुढच्या वेताचा अंदाजही फारसा बांधता येत नाही असं दिसलं.

फ्रान्समध्ये १९६५ पासून एका कळपावर दहा पिढ्या निवड करून पाहिली. पदरात जवळजवळ काहीच पडलं नाही. मग १९७० च्या दशकात तिथले संशोधक लगो यांनी डाव बदलला. एका कळपात घासत बसण्याऐवजी देशभरच्या संगणकीय नोंदींतून वेतामागून वेत भरघोस पिल्लं देणाऱ्या मोजक्या डुकरिणी वेचायच्या आणि त्यांच्या मुलग्यांमार्फत तो गुण पुढे न्यायचा. आनुवंशिकता तेवढीच, पण चाळण कितीतरी बारीक. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच. पुढे अमेरिकन पैदास शास्त्रज्ञ हेंडरसन यांच्या गणिती पद्धतीने सगळ्या नातेवाइकांच्या नोंदी एकत्र तोलता येऊ लागल्या आणि आकडा सरकू लागला.

१९७९ मध्ये चीनच्या ताइहू सरोवराच्या परिसरातली मेइशान डुकरं फ्रान्समध्ये आणली गेली. सुरकुतलेला चेहरा, लोंबते कान, मंद वाढ, भरपूर चरबी. पण जेमतेम तीन महिन्यांच्या वयात माजावर येणारी आणि युरोपीय जातींपेक्षा वेतामागे तीनचार पिल्लं जास्त देणारी. त्यांची वार (गर्भाला पोसणारा गर्भाशयातला अवयव) आकाराने लहान, पण रक्तवाहिन्यांनी दाट असते. त्यामुळे गर्भाशयाच्या तेवढ्याच जागेत जास्त गर्भ तग धरतात. ही जागा किती महत्त्वाची आहे, हे अमेरिकेत नेब्रास्कातल्या प्रयोगाने आधीच दाखवलं होतं: निवडीने सुटणारी अंडी वाढली, पण बरेच भ्रूण वाटेतच गेल्याने पिल्लं त्या मानाने वाढली नाहीत.

१९९६ मध्ये मेइशान रक्ताच्या कळपांत इस्ट्रोजेन ग्राहकाच्या (इस्ट्रोजेन हे संप्रेरक टिपणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाच्या) जनुकाचा एक प्रकार मोठ्या वेताशी जोडला गेला, आणि आता एका चाचणीत काम होणार अशी आशा पसरली. इतर कळपांत मात्र त्याचा परिणाम कुठे दिसला, कुठे दिसला नाही. या गुणामागे शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात आहे, असंच आज मानलं जातं. म्हणूनच २००९ मध्ये आलेली डीएनएवरच्या सुमारे साठ हजार खुणा एकदम वाचणारी चिप एकेका जनुकाच्या शोधापेक्षा जास्त उपयोगी ठरली.

तोवर मोठ्या वेतांची दुसरी बाजू उघडी पडली होती. पिल्लं वाढली तसं जन्मवजन घटलं, मरतूक वाढली आणि सड कमी पडू लागले. डॅनिश पैदासकारांनी २००४ मध्ये जन्मलेली पिल्लं मोजणं सोडून पाचव्या दिवशी जिवंत असलेली पिल्लं निवडीचा निकष केली. सडांची संख्या आनुवंशिकतेत वेतापेक्षा कितीतरी पक्की असल्याने तिच्यावरही निवड होऊ लागली.

काही अडचणी तर निवडीनेच पोसल्या. २०१८ मध्ये एका कळपात अठराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला आढळला. आईबाप दोघांकडून हा दोष आला की गर्भ पोटातच मरतो आणि वेत लहान होतं. पण एकाच बाजूने आला तर जनावर जरा जास्त वेगाने वाढतं. त्यामुळे वाढ पाहून डुकरं निवडणाऱ्यांनी हा दोष नकळत कळपात टिकवून ठेवला होता.