जहाजावर घड्याळ घेतलंत? कस्टमच्या टेबलापाशी काय दाखवायचं ते आधी बघा

आमच्या देवगड तालुक्यात कुठल्याही वाडीत विचारा, 'बोटीवर' असलेला एक तरी मुलगा सापडतोच. कुणी क्रूझवर हाऊसकीपिंगला, कुणी गॅलीत म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, कुणी इंजिनात. शिवाय आता सिंगापूर किंवा दुबईहून सुटणाऱ्या क्रूझवर आई-वडिलांना चार दिवस फिरवून आणणारी कुटुंबंही वाढली आहेत. जहाजावरच्या दुकानातली घड्याळं दोघांनाही भुरळ घालतात. वर 'ड्यूटी फ्री' अशी पाटी असते आणि पहिला गैरसमज तिथेच होतो. ती पाटी जहाजापुरती खरी आहे. दुकानाने तुमच्याकडून तिथला कर घेतला नाही, एवढाच तिचा अर्थ. भारतात उतरल्यावर शुल्क लागणार की नाही, हे भारताचा कस्टम कायदा ठरवतो.

हे आमच्या घरात घडलंय, म्हणून कळकळीने लिहितोय. माझ्या धाकट्या भावाने काही वर्षांपूर्वी पहिलं कंत्राट संपवून येताना बाबांसाठी घड्याळ घेतलं. बाबा एस.टी.तून निवृत्त झाले होते. जहाजावरच्या दुकानात स्टाफची सवलत धरून ६४० डॉलरला पडलं. सामानात जागा नव्हती म्हणून खोकं केबिनमध्येच टाकून दिलं आणि बिल, वॉरंटी कार्ड सगळं त्या खोक्यातच गेलं. घड्याळ हातात घालून तो ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे शुल्काचं काही नसणाऱ्यांच्या वाटेने, निघाला. अधिकाऱ्याने विचारलं, नवीन आहे का? हा घाबरून म्हणाला, जुनंच आहे. त्यांनी घड्याळ उलटं केलं. मागच्या झाकणावर कारखान्यातली निळसर फिल्म तशीच चिकटलेली, एका कोपऱ्याला जराशी सुटलेली. पुढे बोलायला जागाच उरली नाही.

आता हिशेब बघा. तेव्हाच्या दराने ६४० डॉलर म्हणजे साधारण ५३,००० रुपये. शुल्काशिवाय आणायची सूट होती ५०,०००. जास्तीच्या ३,००० वर ३८.५ टक्क्यांनी शुल्क निघतं १,१५५ रुपये. बिल हातात धरून तो रेड चॅनेलला, म्हणजे शुल्काच्या वस्तू दाखवायच्या वाटेला, गेला असता तर एवढ्यावर सुटला असता. बिल नसल्यामुळे सवलतीची किंमत कुणी धरली नाही, बाजारातली पूर्ण किंमत लावली. वर दंड. आणि घड्याळ सोडवायला कणकवलीहून गाडी पकडून दोन खेपा.

सूट कोणाला, किती

परदेशातून विमानाने किंवा जहाजाने परतणाऱ्या भारतीय रहिवाशाला २०१६ च्या बॅगेज नियमांनी ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंची सूट दिली. त्यावरच्या रकमेला ३५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के असा हिशेब लागत आला. या रकमा आणि दर सरकार अधूनमधून बदलतं. त्यामुळे तिकीट काढताना केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा आकडा बघून घ्या, शेजाऱ्याने मागच्या वर्षी सांगितलेला नको. खाली उदाहरणांत मी २०१६ चेच आकडे धरले आहेत. हिशेबाची रीत समजली की आकडा कुठलाही घाला.

ही सूट सगळ्या नव्या वस्तूंची मिळून असते, घड्याळाला वेगळी नाही. अत्तर, बूट, भाच्यासाठी घेतलेलं खेळणं, सगळं त्यातच. अंगावरचे कपडे आणि वापरातल्या वैयक्तिक वस्तू त्यात धरत नाहीत. पण चार दिवसांपूर्वी जहाजावर घेतलेलं घड्याळ मनगटावर चढवलं म्हणून ते 'वापरातलं' ठरत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नवरा-बायकोची सूट एकत्र धरण्याचा. 'आम्ही दोघं, म्हणजे एक लाख' असं धरून लोक ९०,००० चं एक घड्याळ घेतात. नियमात स्पष्ट आहे की एका प्रवाशाची सूट दुसऱ्याच्या सुटीत मिसळता येत नाही. ज्याचं घड्याळ त्याचीच सूट. ९०,००० मधून ५०,००० गेले, उरलेल्या ४०,००० वर १५,४०० रुपये भरावे लागतात. दोघांनी ४५,००० ची दोन वेगळी घड्याळं आपापल्या नावाच्या बिलावर घेतली आणि बाकी काही घेतलं नाही, तर मात्र दोन्ही सुटीत बसतात. आणि एकाच मॉडेलची तीन-चार घड्याळं एकट्याच्या बॅगेत निघाली तर तो घरगुती वापर आहे हे पटवणं कठीण. तो व्यापारी माल समजला जाऊ शकतो.

बोटीवर काम करणाऱ्यांचं वेगळं आहे

आपल्या मुलांनी हे नीट वाचावं. प्रवाशाची सूट कर्मचाऱ्याला मिळते ती कंत्राट संपून शेवटचा पगार हातात पडतो, म्हणजे साइन ऑफ होऊन तो घरी येतो तेव्हा. कंत्राट चालू असताना जहाज मुंबईला लागलं आणि तो चार तास किनाऱ्यावर उतरला, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे चॉकलेट, चीज, सौंदर्यप्रसाधनं असल्या किरकोळ भेटवस्तूच आणता येत होत्या, त्याही १,५०० रुपयांपर्यंत. जहाज मुंबईला येणार म्हटलं की घरची मंडळी गावाहून रात्रभर प्रवास करून बंदराच्या गेटवर येऊन उभी राहतात. आई डब्यात घावणे घेऊन आलेली असते, पोराला वाटतं तिच्या हातात काहीतरी द्यावं. जरूर द्या, पण चॉकलेटचा पुडा द्या. घड्याळ साइन ऑफला आणा.

साइन ऑफ होऊन येताना पासपोर्टबरोबर सी.डी.सी. (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) आणि त्यावरची साइन ऑफची नोंद, कंत्राटाची प्रत आणि दुकानाचं बिल हँडबॅगेत ठेवा. चेक-इन बॅगेत टाकलेला कागद टेबलापाशी उभं असताना उपयोगाचा नसतो.

दुकानातच करून घ्यायच्या गोष्टी

जहाज बंदरात असताना ही दुकानं सहसा बंद असतात. बंदर सोडून समुद्रात गेल्यावर ती उघडतात, त्यामुळे शेवटच्या रात्री गर्दी होते आणि घाईत बिल नीट बघितलं जात नाही. खरेदी केबिनच्या कार्डावर टाकली जाते आणि उतरताना एकत्र हिशेब मिळतो. त्या हिशेबात नुसतं 'दुकान, अमुक डॉलर' एवढंच असेल तर कस्टमला त्याचा फार उपयोग नाही. दुकानाचं स्वतंत्र बिल मागा. त्यावर तुमचं नाव, घड्याळाची कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, तारीख आणि सवलत वजा करून दिलेली रक्कम हवी. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि तोच सिरीयल नंबर आहे का ते तिथेच ताडून बघा. जहाजावरचं दुकान बऱ्याचदा जहाज कंपनीचं नसतं, दुसऱ्या कंपनीने चालवायला घेतलेलं असतं. म्हणून दुकान चालवणाऱ्या कंपनीचं नाव आणि ईमेल बिलावर असल्याशिवाय उतरू नका. घरी आल्यावर घड्याळ बंद पडलं तर क्रूझ कंपनीला फोन करून फारसं काही निघत नाही. त्या कंपनीच्या घड्याळाची वॉरंटी भारतातल्या सेवा केंद्रात चालते का, हे विकत घेण्याआधी विचारा.

आणि कार्डाने पैसे भरताना बँक परकीय चलनाचा आकार लावते, तोही किंमतीत धरा. हे सगळं मिळवून भारतातल्या अधिकृत दुकानातली किंमत जवळपास तेवढीच येत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की इथेच घ्या.

मुंबई–गोवा सफरीचं काय

२०१८ मध्ये 'आंग्रिया' सुरू झाली तेव्हापासून मुंबई–गोवा क्रूझची आपल्याकडे हौस आहे. विजयदुर्ग, देवगडच्या समोरूनच ती वाट जाते. जहाज १२ सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या बाहेर गेलं की आपण परदेशात गेलो, असं काहीजण सांगतात. तसं नाही. मुंबईत चढलात, गोव्यात उतरलात, मध्ये परदेशी बंदर नाही, तर तो देशांतर्गत प्रवास. परदेशातून परतणाऱ्याची सूट तिथे लागू होत नाही. तिथे वस्तू घेतलीत तर जी.एस.टी. क्रमांक असलेलं रीतसर बिल घ्या.

उतरल्यावरची प्रक्रिया

मूल्य सुटीच्या वर जात असेल तर कस्टम डिक्लरेशन भरायचं. ते कागदी फॉर्मवर भरता येतं, किंवा कस्टम खात्याचं 'अतिथी' नावाचं मोबाइल ॲप आहे, त्यावर निघण्याआधीच भरून ठेवता येतं. नाव, पासपोर्ट क्रमांक, विमान किंवा जहाजाचा तपशील, बॅगा किती, कुठून आलात आणि शुल्क लागणाऱ्या वस्तूंची किंमत, असा तपशील द्यायचा असतो. मग रेड चॅनेल. तिथे घड्याळ आणि बिल पुढे ठेवायचं. डॉलरचे रुपये बँकेच्या दराने होत नाहीत, कस्टमने जाहीर केलेल्या दराने होतात. त्यामुळे मोबाइलवर काढलेल्या हिशेबात आणि त्यांच्या हिशेबात थोडा फरक पडतो, वाद घालू नका. शुल्क भरा आणि पावती घ्या.

ग्रीन चॅनेलमध्ये पाऊल टाकणं म्हणजेच 'माझ्याकडे शुल्काचं काही नाही' असं सांगणं. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ७७ प्रमाणे सामानाची घोषणा करणं प्रवाशाचं काम आहे. ती केली नाही तर वस्तू जप्त होऊ शकते, वर दंड होऊ शकतो.

शुल्क भरण्याएवढे पैसे त्या क्षणी नसतील, किंवा दोन महिन्यांत परत बोटीवर जायचंच आहे आणि घड्याळ परत नेलं तरी चालणार आहे, तर कलम ८० वापरता येतं. खरी घोषणा केली असेल तर वस्तू कस्टमकडे ठेवून घ्यायची विनंती करता येते आणि भारतातून बाहेर पडताना ती परत मिळते. घोषणा खरी असणं ही अट आहे, म्हणून माझ्या भावाला हा मार्ग उरलाच नव्हता.

घड्याळ अडकलं तर डिटेन्शनची, म्हणजे वस्तू ताब्यात ठेवल्याची, पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तिच्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहिलाय का बघा. नुसतं 'एक मनगटी घड्याळ' असं लिहिलेलं असेल तर नम्रपणे दुरुस्त करून मागा. लेखी आदेश मिळाला आणि तो मान्य नसेल तर ६० दिवसांच्या आत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करता येतं. सामानाच्या प्रकरणात त्यापुढचा अर्ज केंद्र सरकारकडे जातो, त्याला मुदत ३ महिने.

जुनं घड्याळ घालून जाणाऱ्यांसाठी

घरचं भारी घड्याळ घालून परदेशी क्रूझला जात असाल तर निघण्याआधी विमानतळावर किंवा बंदरात कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे घड्याळ इथूनच नेल्याचा दाखला, करून घ्या. पासपोर्ट, तिकीट, घड्याळ आणि असेल तर खरेदीचं बिल दाखवायचं. ते सर्टिफिकेटवर घड्याळाची ओळख पटेल असं वर्णन लिहून देतात आणि परतताना 'हे नवीन घेतलंत का' हा प्रश्न राहत नाही. हे चेक-इनला सामान देण्याआधी करायचं आणि त्यासाठी तासभर लवकर पोचायचं.

बाबांनी ते घड्याळ हातात घेतलं तेव्हा पहिलं वाक्य होतं, "येवढा म्हाग घड्याळ माका कित्याक रे?" आता ते सणावारी घालतात. शुल्काची आणि दंडाची पावती मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्यांच्या पासपोर्टबरोबर ठेवली आहे, कारण पुढच्या वर्षी भाऊ त्यांना क्रूझवर नेणार म्हणतोय, आणि एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करताना तीच दाखवायची आहे.